पुण्यातील पेठांची नावे : स्थानिक इतिहासाचे एक साधन

गावाचा इतिहास जसा दप्तरांत, तसाच रहिवाशांच्या बोलण्यातील स्थलनामांतही साठविलेला असतो. पुण्याच्या पेठा या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. औरंगजेबाने १७०३ साली वसविलेल्या मुहियाबादची पुढे बुधवार पेठ झाली; मूळ नाव लोकमुखातून लुप्त झाले. वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली, तरी वेताळाचे देऊळ जुन्या नावाची साक्ष देते. गंज पेठेस महात्मा फुले यांचे नाव मिळाले. पण ‘बाजार’ या अर्थाचा ‘गंज’ शब्द बोलण्यात टिकून आहे. नामांतर ठरावाने होते. जुने नाव मात्र केवळ उच्चाराने जगते. वृद्ध रहिवाशांबरोबर तो उच्चारही लोपतो. म्हणून त्यांच्या हयातीतच अशा नावांची नोंद होणे अगत्याचे आहे.