रंध्याचा जोर सोसणारं टेबल

घरी सुतारकाम सुरू करणारे बहुतेक जण आधी हत्यारं घेतात आणि जेवणाच्या जुन्या टेबलावर फळी ठेवतात. रंधा चालू झाला की ते टेबल डुलू लागतं. जेवणाच्या टेबलावर भार वरून खाली येतो, रंधा मात्र आडवा ढकलतो. कामाचं टेबल बांधायचं ते या आडव्या जोरासाठी, आणि पहिला खर्च करावा तो त्याच्यावरच.

आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करत आला. जमीन हलत नाही. उभ्याने काम करायचं तर तोच ठामपणा कमरेखाली आणावा लागतो. पॅरिसचा सुतार आंद्रे-जाकोब रुबो याने १७६९ पासून छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यासाठी पाच-सहा इंच जाड, एकसंध फळा सांगितला आहे. पायांची बाहेरची बाजू त्याने फळ्याच्या कडेशी सपाट ठेवली, म्हणजे दाराची फळी उभी धरून तिची कड रंधता येते. ही युक्ती आजही जशीच्या तशी घ्यावी.

तेवढा जाड फळा आता परवडत नाही. १८ मिमी प्लायचे तीन तक्ते चिकटवून काम भागतं. मात्र पूर्ण पृष्ठभागाला फेविकॉल लावून, दाबून चिकटवा. जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो. दोन तक्ते नुसते एकावर एक ठेवले, तर दुप्पटच.

खरी परीक्षा पायांच्या सांध्यात आहे. स्क्रू आणि लोखंडी एल-पट्टी सुरुवातीला घट्ट वाटतात, पण रोजच्या हिसक्यांनी स्क्रूभोवतीचं लाकूड चेपतं आणि टेबल खिळखिळं होतं. पाय साडेतीन इंची चौकोनी घ्या, आडव्या पट्ट्या पाच-सहा इंच रुंद घ्या, पट्टीला कुसू काढून पायातल्या खाचेत घट्ट बसवा. पट्टी जितकी रुंद, तितका तिचा खांदा पायाला लांबवर टेकतो, आणि पाय कलू लागला की तो खांदाच त्याला अडवतो. खाली फळी टाकून तिच्यावर जड सामान ठेवलं की वजनाचीही भर पडते.

पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान पायांसाठी मिळालं तर सोडू नका. ते पुरतं सुकलेलं असतं. आत मोडलेले खिळे असतात, म्हणून आधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. वरचा फळाही सागाचा असेल, तर पावसाळ्यात तो रुंदीत फुगतो. तो खालून लांबट भोकांतून स्क्रूने बसवा. आवळून जखडलात, तर तो तडकेल किंवा वाकेल.

उंची आपल्या हातावरून ठरवा. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मनगटाची घडी जिथे येते, तिथे फळ्याची वरची बाजू यावी. हाताच्या रंध्याचंच काम जास्त असेल, तर थोडी खाली. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा रंधा उजवीकडून डावीकडे जातो, म्हणून फळी अडवणारा ठोकळा डाव्या टोकाला, आणि व्हाइसही पुढच्या बाजूला डावीकडेच.