तंबू कोठे ठोकाल?

काजवे पाहण्यासाठी मेअखेर अनेक कुटुंबे भंडारदऱ्याला तंबूत मुक्काम करतात. जागा शांत हवीच. पण शांत जागा बहुधा दवाखान्यापासून लांब असते, हे विसरू नये.

मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्याला चावली तरी पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. पुढे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो.

म्हणून तंबू गवत व दगडांच्या ढिगापासून दूर असावा. त्याचा तळ शिवलेला असावा, चेन बंद ठेवावी, शक्यतो खाटेवर झोपावे. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नये. सर्पदंशाची लस जवळ कोठे मिळते, हे निघण्यापूर्वीच विचारावे व वाहन हाताशी ठेवावे. झोपेतून उठलेल्या मुलाच्या पापण्या जड दिसल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका. तडक रुग्णालय गाठा.