खो-खोचा चौक आणि गोणपाटाचा तुकडा

७ नोव्हेंबर १९०० रोजी नऊ वर्षांच्या भीमरावाचे नाव सातारच्या सरकारी हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर चढले. सातारच्या त्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिले आहे. वर्गात त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. भेद केवळ मनात नव्हता, तो जागेत आखलेला होता. तेव्हा समताही जागेतच आखावी लागते.

मूळच्या ऐतवडे बुद्रुकच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे ओळखले होते. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढून त्यांनी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. माझ्या मते निवासी शाळेत मैदानाचे मोल पंगतीहूनही काकणभर अधिक आहे. पंगतीवर शिक्षकांची नजर असते. मैदानावर मुले स्वतःच्या मर्जीने जवळ येतात किंवा दूर सारतात.

आपल्या सातारा-सांगलीकडचा खो-खोच पाहा. आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून चौकात बसतात, नववा पाठलाग करतो. पाठीला हात लावल्याखेरीज खो देता येत नाही आणि जो उठतो त्याच्याच जागी खो देणाऱ्याला बसावे लागते. कोणताही चौक कोणाच्या मालकीचा नाही! ‘शिवाशिव’ हे ज्या भाषेत अस्पृश्यतेचे नाव, त्याच भाषेत ‘शिवाशिवी’ हा मुलांचा आवडता खेळ आहे, हेही लक्षात घ्यावे.

मैदान आखताना हेच सूत्र धरावे. एकट्याने चालत नाहीत अशी साधने, उदाहरणार्थ सी-सॉ, आधी घ्यावीत. संघ गावावरून वा खोलीवरून न पाडता चिठ्ठ्या टाकून पाडावेत. पाण्याचे नळ एकाच ओळीत असावेत, त्यांतला एक ठेंगण्या व चाकाच्या खुर्चीवरील मुलांच्या हाताला येईल इतका खाली.

दिव्यांग मुलांना खेळाची समान संधी देणे २०१६ च्या कायद्याने शाळांवर बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी उतार कार्यालयापर्यंत असतो आणि मैदानाच्या कडेला मात्र पायरी. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा आराखड्यातच सोडावी. कुबडीवरच्या मुलाला ‘तू गुण मोज’ म्हणून कायम कडेला बसवणे, हा नवा गोणपाटच होय. गुणलेखक दर डावाला बदलावा आणि त्या मुलाला बसून खेळता येईल असा खेळ रोजच्या वेळापत्रकात असावा.