हार्डवेअर वॉलेटच्या जोडणीतील अडचणी : स्वरूप, कारणे व निराकरण

प्रस्तावना

कूटचलनाचा धारक आपले हार्डवेअर वॉलेट संगणकाला जोडतो आणि पडद्यावर ‘उपकरण आढळले नाही’ असा संदेश येतो, हा अनुभव विरळा नाही. अशा वेळी आपली शिल्लकच नाहीशी झाली की काय, अशी भीती मनात निर्माण होते. जोडणीतील बिघाड बहुधा किरकोळ असतो. मात्र भीतीपोटी केलेली घाईची कृती मोठ्या हानीस कारणीभूत ठरू शकते. प्रस्तुत लेखात या बिघाडांची कारणे, त्यांचा शोध घेण्याचा क्रम आणि त्या वेळी पाळावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

हार्डवेअर वॉलेटचे कार्य

‘वॉलेट’ म्हणजे पाकीट. परंतु या पाकिटात चलन नसते. कोणत्या पत्त्यावर किती चलन आहे, याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरातील असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या खतावणीत असते. उपकरणात असते ती त्या पत्त्याची खासगी किल्ली. प्राग येथील सातोशीलॅब्स या कंपनीचे ‘ट्रेझर’ हे उपकरण २०१४ मध्ये ग्राहकांच्या हाती आले. पुढे फ्रान्समधील लेजर या कंपनीची ‘नॅनो’ मालिकाही रूढ झाली. या उपकरणांचे तत्त्व एकच आहे. संगणक व्यवहाराचा मसुदा उपकरणाकडे पाठवतो, उपकरण आतल्या आत त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते आणि केवळ ती स्वाक्षरी परत देते. किल्ली बाहेर येत नाही.

यावरून असे दिसून येते की, जोडणी हा केवळ निरोपाचा मार्ग आहे. मार्ग बंद पडला म्हणून ठेव नष्ट होत नाही. एवढेच नव्हे, तर उपकरण मोडले तरी पुनर्प्राप्तीच्या शब्दांच्या आधारे दुसऱ्या उपकरणात त्याच किल्ल्या पुन्हा निर्माण करता येतात. २०१३ च्या बीआयपी-३९ या संकेतानुसार हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून घेतले जातात व त्यांची संख्या सामान्यतः १२ किंवा २४ असते.

अडचणींचे वर्गीकरण व निराकरण

जोडणीतील दोष चार टप्प्यांत विभागता येतात. शोध पहिल्या टप्प्यापासून क्रमाने घेतल्यास श्रम वाचतात.

१) भौतिक जोडणी : मोबाइल चार्जिंगच्या काही केबलींतून केवळ वीज वाहते, माहिती वाहत नाही. त्यामुळे उपकरणाचा पडदा उजळतो. पण संगणकास त्याची ओळख पटत नाही. उपकरणासोबत आलेली केबल वापरणे, यूएसबी हब टाळून थेट संगणकाला जोडणे आणि दुसरा पोर्ट वापरून पाहणे हे प्रथमोपचार होत. ब्लूटूथवर चालणाऱ्या उपकरणांबाबत जुनी जोडी मोबाइलमधून काढून ती नव्याने जुळवावी.

२) संगणक व ब्राउझर : लिनक्स प्रणालीत उपकरणास परवानगी देणारे ‘यूडेव्ह’ नियम स्वतंत्रपणे बसवावे लागतात. ब्राउझरमधून जोडताना ‘वेबयूएसबी’ वा ‘वेबएचआयडी’ या सुविधा लागतात. त्या क्रोम व एजमध्ये आहेत, सर्वच ब्राउझरांत नाहीत. शिवाय कंपनीचे सॉफ्टवेअर आणि मेटामास्कसारखे विस्तारक एकाच वेळी उघडे असल्यास एकाने उपकरण अडवून धरल्यामुळे दुसऱ्यास ते मिळत नाही. अशा वेळी एक कार्यक्रम पूर्ण बंद करावा.

३) उपकरणाची स्थिती : उपकरण पिन देऊन उघडलेले असावे. लेजरच्या उपकरणावर संबंधित चलनाचे ॲपही उघडावे लागते. मेटामास्कमधून इथेरियमचा व्यवहार करताना बिटकॉइनचे ॲप उघडे असल्यास जोडणी होत नाही. पिन आठवत नसल्यास अंदाजाने आकडे भरू नयेत. लेजरच्या उपकरणात ३ वेळा, तर ट्रेझरमध्ये १६ वेळा चुकीचा पिन दिल्यास आतील माहिती पुसली जाते. फर्मवेअर अद्ययावत करण्यापूर्वी पुनर्प्राप्तीचे शब्द आपल्याजवळ लिहिलेले आहेत, याची खात्री करावी.

४) जोडणी झाली, पण शिल्लक शून्य : ही स्थिती सर्वाधिक घाबरवणारी असते. एकाच बीजापासून असंख्य पत्ते ठरावीक मार्गाने निघतात आणि वेगवेगळी सॉफ्टवेअर कधी कधी वेगवेगळे मार्ग अनुसरतात. मार्ग बदलला की दुसराच, रिकामा पत्ता समोर येतो. जादा सांकेतिक शब्द, म्हणजे पासफ्रेज, वापरणाऱ्याकडून त्यात एका अक्षराचा फरक झाला तरी पूर्णतः वेगळे वॉलेट उघडते. आपला मूळ पत्ता ब्लॉकचेनच्या सार्वजनिक नोंदीत शोधल्यास चलन जागेवर आहे किंवा नाही, हे तत्काळ समजते.

खरा धोका

लेजर कंपनीच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये चोरीस गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुमारे १० लाख ई-मेल पत्ते आणि सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, टपालाचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक उघड झाले. उपकरणांतील किल्ल्यांना त्यामुळे धक्का लागला नाही. परंतु कंपनीच्या नावाने बनावट संदेशांचा ओघ सुरू झाला. ‘आपले वॉलेट दुरुस्त करण्यासाठी २४ शब्द येथे भरा’ असे सांगणारा संदेश जोडणीच्या अडचणीत सापडलेल्या व्यक्तीस मदतीचा हात वाटतो. प्रत्यक्षात ते शब्द ज्याच्या हाती पडतात, त्यास उपकरणाची आणि पिनची गरजच उरत नाही. ब्लॉकचेनवर पूर्ण झालेला व्यवहार रद्द करून देणारी बँकेसारखी यंत्रणाही नसते. वर दिलेल्या चारही टप्प्यांपैकी एकाही उपायात हे शब्द संगणकावर टंकित करावे लागत नाहीत, ही बाब येथे विशेषत्वाने ध्यानात घ्यावी.

निष्कर्ष

हार्डवेअर वॉलेटची सुरक्षितता किल्ली संगणकापासून अलग ठेवण्यात आहे. जोडणीतील अडथळा ही त्या अलगपणाची गैरसोय होय, त्याचे अपयश नव्हे. केबल, संगणक, उपकरण आणि पत्ता या क्रमाने शांतपणे तपासणी केल्यास बहुतेक दोष दूर होतात. जे दूर होत नाहीत, त्यांच्यासाठी थांबणे परवडते. कारण उपकरण बंद असले तरी नोंद ब्लॉकचेनवर अबाधित असते. पुनर्प्राप्तीचे शब्द मात्र एकदा परक्या हाती गेले की थांबण्यास अवधी उरत नाही.