थेट विचारा, ऐकून घ्या
लेखमाला : मनाचं आरोग्य (लेखांक चौथा)

संत्र्याचा बहर गळला, कापसाचा भाव पडला किंवा एमआयडीसीतल्या ठेक्यावरच्या पोराचं काम सुटलं, की नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या चहाटपरीवर त्याची चर्चा लगेच होते. कर्जाचा आकडाही सांगितला जातो. पण रात्र रात्र झोप लागत नाही, जगणं नकोसं झालंय, हे तिथे कोणी बोलत नाही. ‘टेन्शन आहे बाप्पा’ म्हटलं की विषय मिटतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात 2022 या एका वर्षात देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रातल्या. इतका मोठा आकडा दुसऱ्या कोणत्याच राज्याचा नाही. मृतांत 70 टक्क्यांहून अधिक पुरुष. कारणांमध्ये सर्वांत वर कौटुंबिक प्रश्न, त्याखालोखाल आजारपण. कर्ज आणि नापिकी खोटी नाहीत, पण त्यांच्या जोडीला बहुतेकदा घरातला ताण, दारू आणि कधीच उपचार न झालेलं नैराश्य असतं.

मग घरातली माणसं विचारत का नाहीत? कारण भीती वाटते, की विचारलं तर नसलेलं डोक्यात शिरेल. ही भीती निराधार आहे. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

गावातच विचारपूस आणि मदत झाली तर फरक पडतो, याचा दाखला फार लांबचा नाही. काटोल-नरखेडच्या पलीकडे वरुड लागतं, तो अमरावती जिल्हा. या जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना प्रशिक्षण दिलं, गरज पडेल तिथे मानसोपचारतज्ज्ञ जोडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी 4.3 टक्के होते. 18 महिन्यांनी ते 27.2 टक्के झाले. आदल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचं प्रमाण 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आलं. हे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाले.

विचारायचं कसं? चारचौघांत नको. बांधावर, ओसरीत, दोघंच असताना. “भाऊ, लय दिवसांपासून गप्प गप्प दिसतोस. जीव नकोसा वाटते का?” आणि मग थांबायचं. समोरचा पाच मिनिटं बोलला नाही तरी थांबायचं. ‘मन घट्ट कर’, ‘देवाचं नाव घे’, ‘लोकांचे हाल बघ’ ही वाक्यं तोंडापर्यंत येतात, ती गिळायची. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, शेतीची औषधं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवायची आणि सोबत दवाखान्यात जायचं.

पोलीस केस होईल म्हणून आजही कितीतरी घरं तोंड मिटून बसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होत नाही तोवर, तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नासाठीची जुन्या दंड संहितेच्या 309 कलमाची सरसकट शिक्षाही उरलेली नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अपवाद.

राज्याने 2015 मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात आशाताई शेतकरी कुटुंबांची घरी जाऊन विचारपूस करत. तो विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी होता, त्यात नागपूर नव्हतं. दुःख जिल्ह्याची हद्द पाळत नाही. कळमेश्वर तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईला अशा विचारपुशीचं प्रशिक्षण मिळालंच पाहिजे, आणि ही मागणी ग्रामसभेत मांडता येते.

तोवर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये जपून ठेवा. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी करा, किंवा ज्याची काळजी वाटते त्याच्या शेजारी बसून करा.