चाकाखाली फक्त ५ सेंटीमीटरचा खड्डा, तरी लिफ्ट उलटू शकते! असं का होतं?

रस्त्यावरचा दिवा दुरुस्त करायला आलेली हायड्रॉलिक शिडीची गाडी असो, नाहीतर दुकानाबाहेर बोर्ड लावणारी सिझर लिफ्ट असो. येणारे-जाणारे मान वर करून माणसाकडे बघतात. खरं तर बघायला हवं चाकांकडे.

हिशोब सोपा आहे. समजा, सिझर लिफ्टच्या डाव्या-उजव्या चाकांत १ मीटर अंतर आहे आणि एका बाजूची चाकं ५ सेंटीमीटर खाली गेली. म्हणजे जेमतेम तीन बोटं. पण लिफ्ट १० मीटर वर असेल तर प्लॅटफॉर्म तब्बल अर्धा मीटर बाजूला सरकतो! खालचा भाग मुद्दाम जड केलेला असतो, म्हणून ती लगेच पडत नाही. मात्र पूर्ण वजनाचा मध्य चाकांच्या चौकटीबाहेर गेला, की तिला कोणी थांबवू शकत नाही.

यासाठीच मशीनमध्ये टिल्ट सेन्सर असतो. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कल वाढला की अलार्म वाजतो, बऱ्याच मशीन वर जाणंच बंद करतात. मग धोका कुठे उरला?

तर जमिनीच्या आत. सेन्सरला आत्ताचा कल कळतो, जमीन पुढच्या मिनिटाला खचणार आहे हे कळत नाही. केबलसाठी खणून घाईत बुजवलेला चर, पेव्हर ब्लॉकखालून वाहून गेलेली वाळू, गटाराचं झाकण. वरून सगळं सपाट दिसतं आणि त्यावर दोन-अडीच टनांचं मशीन चार छोट्या चाकांवर उभं राहतं. त्यामुळे लिफ्ट नेण्याआधी ती जागा पायी फिरून बघणं कुठल्याही सेन्सरपेक्षा महत्त्वाचं ठरतं. ट्रकवरच्या लिफ्टचे आउटरिगर, म्हणजे बाजूला निघणारे पाय, रुंद आणि मजबूत पॅडवरच टेकवायचे. आपल्याकडे सर्रास विटा लावतात, पण त्या भाराखाली फुटतात.

वर असताना अलार्म वाजलाच तर? सिझर लिफ्ट सरळ खाली घ्यायची, वर असताना पुढे-मागे चालवायची नाही. बूम लिफ्टमध्ये मात्र इथेच गफलत होते. बकेट उताराच्या बाजूला असेल तर बूम आधी आत ओढायचा, मग खाली आणायचा. घाबरून थेट खाली आणला तर बकेट आणखी बाहेर जाते आणि तोल पूर्ण सुटतो. नेमका क्रम मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतो.

बूम लिफ्टमध्ये हार्नेस लागतोच, कारण चाक खड्ड्यात आदळलं तर वरचा माणूस गोफणीसारखा बाहेर फेकला जातो. पण अख्खी लिफ्टच उलटली तर हार्नेस वाचवत नाही.

आणि वरचा माणूस बेशुद्ध पडला तर? खाली, मशीनच्या अंगावरच लिफ्ट उतरवायचं वेगळं कंट्रोल असतं. ते कसं चालवायचं हे माहीत असलेला एक जण काम संपेपर्यंत तिथेच थांबायला हवा, चहाच्या टपरीवर नाही.