युद्धात माणसे कशाने मरतात, कशाने वाचतात

युद्धाच्या बातम्यांत बॉम्ब दिसतो, जुलाब दिसत नाहीत. कोसळलेली इमारत मोबाईलवर दिसते. पण तिच्याखालून जाणारी पाण्याची लाईन फुटली, तिच्यात गटार मिसळले आणि आठवड्याभरात त्या गल्लीतली लेकरे उलट्या-जुलाबाने आडवी झाली, हे कुणी दाखवत नाही. वस्तीत आरोग्याच्या बैठका घेताना बायका आम्हाला विचारतात, "तिकडे लढाई चालली आहे, तिथल्या बाळंतिणींचे, पोरांचे काय होत असेल?" या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही उपयोगी आहे, म्हणून या अंकात ते सविस्तर सांगत आहोत.

गोळीच्या मागून येणारे मरण

युद्ध सुरू झाले की सामान्य माणूस घर सोडून पळतो. हजारो माणसे एका शाळेत, एका मैदानात, तंबूत राहू लागतात. हंडाभर पाण्यासाठी रांग, शेकडो माणसांत एक संडास, हात धुवायला साबण नाही. वीज गेली की पाण्याचे पंप बंद पडतात. डिझेल संपले की दवाखान्याचा जनरेटर थांबतो आणि लसीचा फ्रीज गरम होतो. डायलिसिसवरच्या माणसाचे मशीन बंद, साखरेच्या रोग्याचे इन्सुलिन संपलेले, टीबीचा कोर्स अर्ध्यात तुटलेला. बाळंतपण तर तारीख पाहून थांबत नाही.

यातली कितीतरी माणसे गोळी न लागता जातात. कॉलरा, गोवर, न्यूमोनिया आणि कुपोषण हे युद्धाचे सोबती आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांवर त्यांचा पहिला घाला पडतो. उपाशी पोराला गोवर झाला की ते सहज जाते, तेच पोर खाऊन-पिऊन असते तर उठून बसले असते.

बनगाव, १९७१

आपल्या घरात फळीवर ओआरएसचे पाकीट असते. आशाताई देतात, अंगणवाडीत मिळते. आपण तिला जलसंजीवनी म्हणतो. या पाकिटाची खरी परीक्षा एका युद्धात झाली, हे फार थोड्यांना माहीत आहे.

मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, स्वतःच्याच नागरिकांवर कारवाई सुरू केली. माणसे सीमा ओलांडून भारतात येऊ लागली. वर्ष संपेपर्यंत निर्वासितांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून टपालाला निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. पत्र पाठवणाऱ्या साध्या माणसाचा पैसा त्या मदतीत होता.

पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळ बनगाव आहे. तिथल्या छावण्यांत पावसाच्या तोंडावर कॉलरा पसरला. गावच्या छोट्या रुग्णालयात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रुग्ण शेकड्यांनी येत होते आणि जमिनीवर उलटी-जुलाबात पडले होते. कॉलऱ्यात दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात वीस ते तीस होते. तेव्हाचा मान्य उपचार शिरेतून सलाईन हाच होता. सलाईन संपत चालली होती आणि ती लावायला शिकलेले हात अपुरे होते.

तिथे कोलकात्याहून डॉ. दिलीप महालनबीस हे बालरोगतज्ज्ञ आले. मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन कॉलऱ्याचा रुग्ण सावरतो, हे कोलकाता आणि ढाक्याच्या रुग्णालयांत आधी दिसले होते. पण ते शिकलेल्या माणसांच्या नजरेखाली, मोजून-मापून. अडाणी समजल्या जाणाऱ्या आई-बापांच्या हाती हा उपचार सोपवावा, असे मोठ्या डॉक्टरांना वाटत नव्हते.

बनगावात दुसरा मार्गच उरला नव्हता. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण ठरले. कोलकात्यात ते वजन करून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले, गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली आणि माल बनगावला नेला. तिथे ते तोटी लावलेल्या पिंपांत कालवले. रुग्णाची आई, भाऊ, नवरा, जो सोबत असेल त्याने कपात घ्यायचे आणि पाजत राहायचे. जे अगदीच बेशुद्धीच्या टोकाला होते त्यांना आधी सलाईन, ते सावरले की तेच पाणी तोंडाने.

जूनअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत तिथे सुमारे ३,७०० रुग्णांवर असा उपचार झाला. दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात चारच्याही खाली, ३.६ वर आले. औषध तेच होते, जे आधी प्रयोगशाळेत होते. फरक इतकाच पडला की ते आईच्या हातात आले.

डॉक्टरांचा अहवाल १९७३ मध्ये छापून आला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोध या शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल, असे मत मांडले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

मीठ-साखर एकत्रच का?

कॉलऱ्याचे विष आतड्याला पाणी बाहेर टाकायला लावते. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात. तीव्र आजारात मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. रक्त घट्ट होते, नाडी लागत नाही, लघवी थांबते. माणूस काही तासांत जातो. जीव घेते ते पाण्याचे आणि क्षारांचे कमी होणे.

नुसते पाणी पाजले तर ते टिकत नाही. आतड्याच्या भिंतीत एक वाट अशी आहे की तिच्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागे पाणी ओढले जाते. कॉलऱ्याचे विष ही वाट बंद करू शकत नाही. म्हणून जुलाब चालू असतानाही हे पाणी अंगी लागते. प्रमाण मात्र बरोबर हवे. साखर जास्त झाली की जुलाब वाढतात, मीठ जास्त झाले तर लहान बाळाला धोका होतो.

येमेनमध्ये युद्धामुळे पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था कोलमडली. २०१७ या एका वर्षात तिथे कॉलऱ्याचे दहा लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यात दोन हजारांहून अधिक माणसे गेली, म्हणजे हजारात साधारण दोन. त्या दहा लाखांत साध्या जुलाबाचेही रुग्ण होते, म्हणून बनगावच्या आकड्याशी ही थेट तुलना होत नाही. तरीही ओआरएस, सलाईन आणि स्थानिक आरोग्य कर्मचारी नसते तर हा आकडा कुठे गेला असता, याचा अंदाज येतो. पण मुळात कॉलरा झालाच का, याचे उत्तर पाकिटात नाही. ते फुटलेल्या नळात आणि ते फोडणाऱ्या युद्धात आहे.

मदत म्हणजे बिस्किटाचा पुडा नव्हे

छावणीत मदत कशी असावी, याची मोजमापे ठरलेली आहेत. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी. वीस माणसांमागे किमान एक संडास, बायकांचे वेगळे, आतून कडी असलेले. दिवसाला २,१०० कॅलरीचे अन्न. मुलांना गोवराची लस लवकरात लवकर. बाळंतपणाची सोय, पाळीसाठी कापड किंवा पॅड, रोजच्या गोळ्या चालू राहण्याची व्यवस्था. ही मापे वाचताना आपल्या वस्तीतले नळ आणि सार्वजनिक संडास डोळ्यांसमोर येतात, ते आलेच पाहिजेत. युद्धातून उठून आलेल्या माणसासाठी जे किमान मानले जाते, त्यापेक्षा कमी शांततेच्या काळात कुणाच्या वाट्याला का यावे?

दवाखान्यावर हल्ला करता येत नाही

१८५९ मध्ये इटलीत सोल्फेरिनो इथे मोठी लढाई झाली. हजारो जखमी सैनिक तसेच पडले होते. हेन्री द्युनां या स्विस माणसाने आसपासच्या गावातल्या बायांना सोबत घेऊन दोन्ही बाजूंच्या जखमींची सेवा केली. त्यातून पुढे रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ मध्ये चार जिनिव्हा करार झाले. त्यातला चौथा सामान्य नागरिकांसाठी आहे.

त्याचे म्हणणे सोप्या शब्दांत असे. जखमी आणि आजारी माणसे, गरोदर बायका यांना विशेष संरक्षण आहे. नागरी रुग्णालयावर हल्ला करता येत नाही. तिथून शत्रूला हानी होईल अशी कृत्ये होत असतील तरच हे संरक्षण जाते, आणि तेही आधी इशारा देऊन, वाजवी मुदत देऊन. औषधांची वाट अडवता येत नाही. दुसऱ्याची भूमी ताब्यात घेणाऱ्याने तिथल्या लोकांच्या अन्नाची आणि औषधाची सोय पाहायची आहे. ज्या सरकारांनी सह्या केल्या, त्यांच्यावरचे हे बंधन आहे, दयाबुद्धीने करायचे दान नव्हे. भारताने त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदा केला.

त्याच कायद्याने पांढऱ्यावरच्या लाल क्रॉसचा वापर मर्यादित केला आहे. आपल्याकडे औषध दुकानावर, डॉक्टरांच्या गाडीवर तो सर्रास दिसतो, तो तिथे नसावा. युद्धात या खुणेचा अर्थ एकच असावा लागतो, इथे गोळी झाडू नका. कुणीही, कुठेही लावलेल्या खुणेवर उद्या कोण विश्वास ठेवील?

आणि तरीही कायदा मोडला जातो. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदुझ इथे 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला. रुग्णालयाचा नेमका ठावठिकाणा आधीच कळवलेला होता. ४२ माणसे गेली, त्यात रुग्ण होते आणि कर्मचारीही. पुढच्या वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने असे हल्ले थांबवण्याचा ठराव एकमताने केला. हल्ले थांबलेले नाहीत. नर्सचा गणवेश घातलेल्या आम्हा सर्वांना हे आपल्या घरातले दुःख वाटते.

बंदूक थांबली की लस पोहोचते

गाझामध्ये पंचवीस वर्षे पोलिओ नव्हता. ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात सांडपाण्याची व्यवस्था मोडली आणि बाळांचे डोस चुकले. जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला लकवा झाल्याचे निश्चित झाले. मग ठरावीक भागात, दिवसातले ठरावीक तास लढाई थांबवायचे मान्य झाले. १ सप्टेंबरपासून सुमारे बारा दिवसांत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना दोन थेंब मिळाले. आपल्यासारखीच बोटाला शाईची खूण. लस द्यायला स्थानिक नर्सेस आणि आरोग्यसेविका होत्या, ज्यांतल्या कितीजणी स्वतःच तंबूत राहत होत्या. ऑक्टोबरमधल्या दुसऱ्या फेरीत उत्तर भागात बॉम्बहल्ल्यांमुळे काम थांबले. ते नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाले, पण तिथली हजारो मुले राहून गेली.

म्हणजे लस होती, हात होते, आयाही रांगेत होत्या. अडत होती ती फक्त बंदूक. भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. आपल्याकडे रविवारी बूथवर पोराला नेताना वाटेत कुणी गोळी झाडत नव्हते, ही किती मोठी गोष्ट होती ते अशा वेळी कळते. युद्धाची भाषा जिथे कौतुकाने बोलली जाते, तिथे हे सांगितले पाहिजे.

आपल्या घरासाठी

बनगावच्या आयांनी जे केले तेच आपल्याला करायचे आहे. पावसाळा लागण्याआधी हे लिहून भिंतीवर चिकटवा.

- ओआरएसचे एक लिटरचे पूर्ण पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, म्हणजे बिसलरीच्या एका लिटरच्या बाटलीच्या मापाने. अर्धे पाकीट, अर्धे पाणी असा अंदाज करू नका. लहान पाकिटावर लिहिलेले माप पाहा.
- कालवलेले पाणी २४ तासांत वापरा, उरले तर टाकून द्या.
- दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, वाटी-चमच्याने. मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. मोठ्या माणसाला हवे तेवढे.
- उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा, मग चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.
- अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नका.
- बाळाला झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्या, जुलाब थांबले तरी. मात्रा आशाताई किंवा नर्सला विचारा.
- पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.
- डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी हळू मागे जाते, बाळ सुस्त आहे, पिऊ शकत नाही, लघवी नाही, शौचात रक्त आहे, यातले काहीही दिसले तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि वाटेतही पाजत राहा.
- एकाच गल्लीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब सुरू झाले तर लगेच आशाताई आणि प्रभागाच्या आरोग्य केंद्राला कळवा, आणि पाण्याची तपासणी मागा. ती मागणे हा आपला हक्क आहे.